धडक देऊन वाहन पळालं, नंबर नाही: भरपाई कुठे आणि कशी मागायची?

कोर्टाची_पायरी (मूळ लेखन)

धडक बसली, गाडी थांबली नाही, नंबर कुणी टिपला नाही आणि जखमी माणूस पाय मोडून दवाखान्यात. अशा वेळी पोलीस ठाण्यापासून नात्यागोत्यापर्यंत सगळे एकच विचारतात, ‘समोरचा सापडलाच नाही तर पैसे कोणाकडून घेणार?’ पण समोरचा सापडला नाही तरच लागू होणारी एक तरतूद कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६१. तिच्याबद्दलचे प्रश्न इतर धाग्यांत विखुरले होते, म्हणून हा वेगळा धागा काढला.

रक्कम ठरलेली आहे. मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापत असेल तर ५० हजार. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे. त्याआधी १९८९ ची सोलेशियम योजना होती आणि तिचे आकडे होते २५ हजार व साडेबारा हजार. दवाखान्याचं बिल वीस हजार झालं काय किंवा चार लाख झालं काय, रक्कम तीच. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. साध्या दुखापतीला, म्हणजे खरचटणं, मुका मार, दोन टाके, या कलमाखाली काहीही मिळत नाही.

अर्ज न्यायालयात करायचा नसतो आणि विमा कंपनीकडेही नाही. तो महसूल खात्यात जातो. योजनेच्या भाषेत ‘दावा चौकशी अधिकारी’ म्हणजे आपल्याकडे प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदार. ‘दावा निपटारा आयुक्त’ म्हणजे जिल्हाधिकारी. प्रांत-तहसीलदारांनी महिन्याभरात अहवाल पाठवायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची आणि पुढच्या १५ दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने (सर्वसाधारण विमा कंपन्यांची परिषद) थेट बँक खात्यात पैसे जमा करायचे. कागदावर दोन महिने.

अर्जाला जोडायचे कागद: नमुना १ मधला अर्ज, नमुना ४ मधलं हमीपत्र, एफआयआरची प्रत, जखमीचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा (अर्जदार वेगळा असेल तर त्याचंही), पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, दुखापतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र. मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल किंवा मृत्यूचा दाखला, आणि वारस असल्याचा पुरावा.

ज्यांना यातलं काम ठाऊक आहे त्यांनी भर घालावी. कोणत्याही कार्यालयाचं नाव घेऊन तक्रार नको, काम कसं होतं तेवढंच लिहा.

मुक्काम_पोस्ट

चांगला धागा. सुरुवातीलाच एक घोळ मिटवू या. लोक ज्याला ‘हिट अँड रन’ म्हणतात आणि कायदा ज्याला म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालक पळून गेला एवढ्यानं कलम १६१ लागू होत नाही. पुरेसे प्रयत्न करूनही वाहनाची ओळख पटली नाही, तरच लागू होतं.

म्हणजे चालक गाडी टाकून पळाला, गाडी जागेवरच आहे: हा १६१ चा दावा नाही. नंबर मिळाला, पण मालक दारच उघडत नाही: नाही. गाडी सापडली, पण विमा संपलेला: तरीही नाही. या तिन्ही प्रकारांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली जायचं. तिथे रक्कम ठरलेली नसते. उत्पन्न, वय, अपंगत्वाची टक्केवारी, उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी असं सगळं धरून ती काढली जाते. नंबर हाती असताना ५० हजारांवर समाधान मानणारे लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात.

एक्सरे

वैद्यकीय कागदांबद्दल लिहितो, कारण खरी गळती तिथूनच होते.

तातडीच्या विभागात रुग्ण आला की पहिली नोंद ‘हिस्टरी’ची होते. आणणाऱ्या माणसाला काय घडलं ते ठाऊक नसतं. तो म्हणतो ‘गाडीवरून पडला’. केसपेपरवर ‘दुचाकी घसरून पडल्याने’ असं उतरतं आणि पुढे सगळीकडे तेच नकललं जातं. मग एफआयआर सांगते अज्ञात वाहनाची धडक आणि केसपेपर सांगतो गाडी घसरली. चौकशीत नेमकं यावरच बोट ठेवलं जातं. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याने, नसेल तर नातेवाइकाने तिथेच स्पष्ट सांगायचं: ‘अज्ञात वाहनाने मागून (किंवा समोरून) धडक दिली.’ आणि काय लिहिलं ते वाचून घ्यायचं. नोंद चुकली असेल तर डॉक्टर जुनी ओळ खोडत नाहीत, खोडूही नये. लेखी विनंती देऊन तारीख-वेळेसह पुरवणी नोंद करून घ्यावी आणि पोलिसांच्या जबाबातही तेच सांगावं.

दुसरं, एमएलसी. खासगी दवाखान्यात गेलात तरी ‘मेडिको-लीगल केस’ म्हणून नोंद करायला सांगा आणि तिचा क्रमांक टिपून घ्या. एमएलसी नसेल तर पोलिसांना दवाखान्याकडून वर्दी जात नाही.

तिसरं, ‘गंभीर’ म्हणजे काय? हे डॉक्टरच्या मनावर नसतं. व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये आहे (जुन्या भादंविचं ३२०). हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, डोळा वा कान कायमचा जाणं, अवयव किंवा सांधा जाणं अथवा कायमचा अधू होणं, डोकं-चेहरा कायमचा विद्रूप होणं, जिवावर बेतणारी इजा, किंवा १५ दिवस तीव्र वेदना अथवा नेहमीचे व्यवहार करता न येणं. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. म्हणजे करंगळीचं हाड मोडलं तरी कायद्याने ती गंभीर दुखापत. उलट गुडघ्याचा लिगामेंट फाटला, हाड शाबूत आहे, तर १५ दिवसांच्या निकषावर जावं लागतं. तिथे एमआरआय, विश्रांतीचा सल्ला आणि फेरतपासणीच्या तारखा असलेले कागद लागतात.

दाखल करताना काढलेल्या एक्स-रेमध्ये बारीक फ्रॅक्चर कधी कधी दिसत नाही. पहिल्या प्रमाणपत्रावर ‘साधी दुखापत’ येतं आणि आठ-दहा दिवसांनी सीटी स्कॅनमध्ये फ्रॅक्चर निघतं. तो अहवाल दवाखान्यात आणि ठाण्यात दोन्हीकडे द्या, सुधारित दुखापत प्रमाणपत्र मागा आणि गुन्ह्यात कलम १२५(ब) वाढवायची विनंती करा. १२५(अ) साध्या दुखापतीचं, (ब) गंभीरचं. हे राहून गेलं तर तहसीलच्या टेबलावर फाइल ‘साधी दुखापत’ म्हणूनच वाचली जाते.

सदाफुली

एक्सरे, हे फार कामाचं. एक शंका: अर्जासोबत कॅशलेस उपचारांच्या बिलाची प्रत मागतात म्हणे. ज्याने स्वतःच्या खिशातून खर्च केला त्याने काय द्यायचं?

कोर्टाची_पायरी

योजनेत ती प्रत जोडायला सांगितली आहे हे खरं. पण स्वखर्चाने उपचार घेतले म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, कारण ही रक्कम खर्चाची परतफेड नाहीच. ‘कॅशलेस योजनेचा लाभ घेतलेला नाही, उपचार स्वखर्चाने’ असं एका ओळीचं निवेदन, डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या प्रती जोडा. ती जागा कोरी ठेवली की त्रुटीचं पत्र येतं आणि महिना जातो.

कॅशलेसचा विषय निघाला म्हणून: रस्ते अपघातातल्या जखमींसाठीची केंद्राची योजना ५ मे २०२५ ला अधिसूचित झाली. नियुक्त रुग्णालयात, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, एका जखमीमागे दीड लाखापर्यंत. अज्ञात वाहनाच्या अपघातालाही लागू. नियुक्त नसलेल्या दवाखान्यात फक्त प्रकृती स्थिर होईपर्यंतचे उपचार त्यात बसतात, त्यामुळे दाखल करतानाच विचारा.

डांबरी

सगळे पन्नास हजारांवर बोलताहेत. आधी गाडी शोधा की! पहिले दहा दिवस त्यासाठीचेच असतात.

सीसीटीव्हीचं गणित करून बघा. दुकानात चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर दिवसाला साधारण ८६ जीबी भरतात. १ टीबीची हार्डडिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कॅमेरे आठ असतील तर सहा दिवसांतच. त्यामुळे ‘पोलीस बघतील’ म्हणून पंधरा दिवस थांबलात तर बघायला काही उरत नाही.

करायचं काय? अपघाताच्या जागेच्या दोन्ही बाजूंचे पेट्रोलपंप, एटीएम, ढाबे, सोसायट्यांची फाटकं, टोलनाका यांची यादी करा. यादीसह तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की हे चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवावं. अर्जाची पोच घ्या. दुकानदाराला हात जोडून तेवढ्या वेळेचं चित्रण वेगळं काढून ठेवायला सांगा. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं, सात मिनिटं मागे, पाऊण तास पुढे, काहीही. त्या क्षणी मोबाइलवरची वेळ आणि डीव्हीआरवरची वेळ एकाच फोटोत घ्या. नाहीतर दोन कॅमेऱ्यांचा ताळमेळ लागत नाही आणि भलत्याच गाडीमागे तपास जातो.

रस्त्यावर पडलेले तुकडे झाडून फेकू देऊ नका. दिव्याच्या काचेवर, आरशाच्या मागच्या प्लास्टिकवर, बंपरच्या आतल्या बाजूला कंपनीची खूण आणि पार्ट नंबर छापलेला असतो. त्यावरून मॉडेल कळतं, कधी कधी कोणत्या सालापासूनचं ते सुद्धा. हे तुकडे घटनास्थळ पंचनाम्यात जप्त दाखवले जायला हवेत. घरी पिशवीत भरून नेले तर पुरावा म्हणून त्यांची किंमत गेली. जखमीच्या दुचाकीवर घासलेला परका रंग असतो, म्हणून पंचनामा होईपर्यंत गाडी धुवू नका, गॅरेजलाही देऊ नका.

नंबरचे दोन-तीनच आकडे आठवत असतील तरी जबाबात सांगा. आपल्याकडच्या वाहन-माहितीच्या ॲपवर अर्ध्या नंबराने शोध लागत नाही, पोलिसांना रंग आणि मॉडेलसह यादी गाळता येते.

घाटमाथा

पण आता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा आहे ना? त्या भीतीने तरी लोक थांबतील.

मुक्काम_पोस्ट

नाही. ती तरतूद न्याय संहितेच्या १०६(२) मध्ये आहे आणि फक्त मृत्यूच्या प्रकरणापुरती आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचं आंदोलन झालं. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना तेवढं पोटकलम वगळलं. हाड मोडल्याच्या गुन्ह्यात सहसा २८१, १२५(ब) आणि मोटार वाहन कायद्याची १३४ व १८७ ही कलमं दिसतात. शिक्षेचा आणि भरपाईचा तसाही थेट संबंध नाही, इथेच थांबतो.

घाटमाथा

ठीक. पण खरं सांगा, पन्नास हजारांसाठी एवढी खटपट परवडते का? वकिलाचीच फी तेवढी होईल.

कोर्टाची_पायरी

वकील लागतच नाही, हाच तर मुद्दा. अर्ज स्वतः भरता येतो. सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले आकडे बघा: २०२२ साली देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात नोंदले गेले आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात दावे आले २०५. पैसे ठेवलेले आहेत, मागायला कोणी जात नाही.

त्याच प्रकरणात १२ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने पोलिसांवर जबाबदारी टाकली. अपघाताची नोंद झाल्यापासून महिन्याभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर ठाण्याने जखमीला किंवा वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची, चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता-फोन-ईमेल द्यायचा आणि अपघाताचा प्राथमिक अहवाल थेट त्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा. असं पत्र आलं नसेल तर महिना उलटताच ठाण्याला तारखेचा हवाला देऊन अर्ज करा. भांडण नको, ‘दि. १२ जानेवारी २०२४ च्या आदेशानुसार माहिती मिळावी’ एवढं वाक्य पुरतं.

पाटीपुस्तक

महसूल कार्यालयाच्या बाजूने थोडं.

१. अर्ज जखमीच्या गावच्या तहसीलमध्ये करायचा नसतो. अपघात ज्या तालुक्यात किंवा उपविभागात झाला तिथे करायचा. सोलापूरचा माणूस खंडाळ्यात जखमी झाला तर फाइल खंडाळ्याच्या बाजूला. चुकीच्या जागी दिलेला अर्ज ‘संबंधितांकडे वर्ग’ होतो आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

२. तहसीलमध्ये अशी प्रकरणं इतकी कमी येतात की टपाल शाखेतल्या माणसाला ती कोणत्या शाखेची हेच ठाऊक नसतं. अर्जाच्या विषयातच ‘मोटार वाहन अधिनियम १९८८ कलम १६१, हिट अँड रन अपघातग्रस्त भरपाई योजना २०२२’ असं ठसठशीत लिहा. नाहीतर तो मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जांच्या गठ्ठ्यात जातो!

३. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

४. अहवाल अडतो तो पोलिसांच्या उत्तरापायी. तहसीलदार ठाण्याला पत्र पाठवतात, ‘वाहन मिळाले का?’, उत्तर येत नाही, फाइल तशीच पडून. त्यासाठी खालचा कागद स्वतःच जोडा.

महाराष्ट्रात तपास करूनही आरोपी किंवा वाहन मिळालं नाही की पोलीस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल पाठवतात. अर्थ असा की गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. (‘ब’ म्हणजे खोटी फिर्याद, ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली.) ‘अ’ समरीची प्रत हा वाहन अज्ञात असल्याचा सगळ्यात भक्कम कागद. पण ती निघेपर्यंत अर्ज रोखून धरू नका, तिला कितीही वेळ लागतो. तोवर तपास अधिकाऱ्याकडून ‘आजमितीस वाहनाचा शोध लागलेला नाही’ असं पत्र घ्या.

सदाफुली

अपघात गोव्यात झाला तर? सिंधुदुर्गातले बरेच लोक कामाला रोज पत्रादेवी (गोव्याची हद्द) ओलांडतात.

पाटीपुस्तक

योजना केंद्राची, त्यामुळे दर आणि नमुने तेच. पेडण्याच्या हद्दीत झाला तर अर्ज तिकडे, तिथले उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार. मंजुरी त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची. गुन्हा महाराष्ट्रातल्या ठाण्यात झीरो एफआयआरने (हद्द न बघता घेतलेल्या नोंदीने) नोंदवता येतो, पण तो गोव्यातल्या ठाण्याकडे वर्ग होऊन तिथला क्रमांक पडल्यावर तोच क्रमांक अर्जात लिहा. दोन वेगळे क्रमांक दिसले की शंका काढतात.

रानजाई

अर्ज सहा महिन्यांत केला नाही तर संपलं ना सगळं?

कोर्टाची_पायरी

दोन गोष्टी मिसळताहेत. सहा महिन्यांची मुदत कलम १६६(३) मधली, न्यायाधिकरणातल्या दाव्यासाठीची, १ एप्रिल २०२२ पासून आलेली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. १६१ चा अर्ज प्रांत-तहसीलदारांकडचा, त्याला १६६(३) लागू होत नाही. तरीही एफआयआर आणि दुखापत प्रमाणपत्र हातात आलं की महिना-दीड महिन्यात देऊन टाका. साक्षीदार आणि कागद दोन्ही ताजे असतात.

आणि सहा महिने संपायच्या आत ठाण्यात एकदा जाऊन वाहन मिळालं का ते लेखी विचारा. पाचव्या महिन्यात गाडी सापडली आणि पोलिसांनी कळवलंच नाही, तर मोठ्या दाव्याची मुदत निघून जाते.

मुक्काम_पोस्ट

यालाच जोडून, नमुना ४ मधल्या हमीपत्राला घाबरून लोक सही करत नाहीत. त्यात काय आहे? नंतर वाहन मिळालं आणि न्यायाधिकरणाने, समजा, ४ लाख दिले, तर आधी मिळालेले ५० हजार त्यातून परत करायचे (कलम १६३). म्हणजे हातात एकूण ४ लाखच. जास्तीचे गमावत नाही, फक्त दोनदा मिळत नाहीत. ५० हजार घेतले म्हणून पुढचा दावा बंद होत नाही.

उलट एक धोका सांगून ठेवतो. ‘ओळखीच्याची गाडी दाखवू, तिचा विमा आहे, मोठी भरपाई मिळेल’ असं सुचवणारे भेटतात. धडकेची खूण, उंची, रंग, मोबाइल लोकेशन, कशाचाच मेळ बसत नाही. विमा कंपन्या अशा उशिरा ‘सापडलेल्या’ गाड्यांची स्वतंत्र चौकशी करतात. दावा तर जातोच, वर फसवणुकीचा गुन्हा.

एक्सरे

५० हजारांपलीकडे आणखी काय मिळू शकतं तेही इथे यायला हवं.

डांबरी

दुचाकी स्वतःच्या नावावर असेल आणि स्वतःच चालवत असाल, तर पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच आहे का बघा. वैध लायसन्स हवं. पण हे मृत्यू, हात-पाय किंवा डोळा जाणं, कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठी आहे. नडगी मोडून प्लेट बसली, सहा महिन्यांत चालायला लागला, तर यातून शून्य. एजंट ‘१५ लाखांचं कव्हर’ एवढंच सांगतो.

पाटीपुस्तक

बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वय १८ ते ७०. बँकेत ३० दिवसांच्या आत कळवा.

शेतकरी कुटुंब असेल तर महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि कुटुंबातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल आणि अपघात घर-कामाच्या वाटेवर झाला असेल, तर तो कामावरचा अपघात धरला जातो. रजेच्या काळात पगाराच्या ९० टक्क्यांइतका अपंगत्व लाभ मिळू शकतो. मालकाने अपघात अहवाल पाठवावा लागतो, तिथे अडतं. नुसत्या फ्रॅक्चरला खरा आधार यातूनच मिळतो.

रानजाई

आणि प्रांत कार्यालयातून दोन-तीन महिने काहीच हललं नाही तर?

कोर्टाची_पायरी

आधी माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, प्रश्न दोनच: ‘आवक क्र. अमुक वर चौकशी अहवाल कोणत्या तारखेला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला? पाठवला नसल्यास फाइल कोणत्या कर्मचाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून आहे?’ ‘का’ विचारू नका, ‘का’ला उत्तर देत नाहीत.

सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना एक अर्ज. २०२४ च्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती नेमायला सांगितली आहे. तिच्यात हे सचिव, चौकशी अधिकारी आणि उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला पोलीस अधिकारी असतो. दोन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हायला हवी. ठाण्याने अहवाल पाठवला नाही की तहसीलने रोखला, दोघेही एकाच टेबलाला बसलेले असतात. तिथे प्रश्न गेला की पत्र हलतं. या प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं.

सदाफुली

शेवटचा प्रश्न. पासबुकावर नाव ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’. चालेल?

पाटीपुस्तक

मंजुरी आदेशात जे नाव जाईल त्याच नावाच्या खात्यात पैसे येतात, म्हणून अर्जात पासबुकाप्रमाणे लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं स्वयंघोषणापत्र जोडा. आडनाव वेगळं असेल (लग्नाआधीचं-नंतरचं) तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीची प्रत. आणि खातं चालू आहे ना ते आधी बघा. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय झालेलं असतं, रक्कम परत जाते आणि आदेश पुन्हा काढून घ्यावा लागतो.